वाचकांचे प्रश्न : विद्यापीठाच्या नियतकालिकावरील उमेदवारी

प्रश्न : मी मराठी विषयात एम.ए. करीत आहे. या सत्रात आमच्या विभागाच्या वाङ्मयीन नियतकालिकावर मला इंटर्नशिप मिळाली. तीन आठवडे झाले, पण जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलून देण्यापलीकडे काही काम सांगितलेले नाही. याला संपादनाचा अनुभव म्हणता येईल का? प्रमाणपत्रात काय लिहून घ्यावे?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : आपण ज्याला टंकनाचे काम समजता, ती संपादनाची पहिली इयत्ता आहे, मात्र लेखकाचे हस्तलिखित किंवा त्याने पाठवलेली पीडीएफ शेजारी उघडी असेल तरच. जुन्या फॉन्टांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. त्यामुळे असा मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार सरकतो, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते आणि जोडाक्षरे फुटतात. या चुका डोळ्यांत खुपतात, म्हणून त्या दुरुस्तही होतात.

खरा धोका खुपत नाहीत त्या चुकांचा. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. फॉन्ट बदलताना अर्ध्या ‘ऱ’चा रफार झाला, तर गोव्यातील सत्तरी तालुक्याच्या डोंगराळ मुलखावरील लेखात ‘सत्तरीच्या दर्या’ छापून येतात आणि ज्या तालुक्याला समुद्रकिनाराच नाही, तिथे समुद्र जाऊन पोचतो. दोन्ही शब्द कोशातले असल्यामुळे संगणकातील शुद्धलेखन-तपासणी त्याखाली लाल रेघ ओढत नाही. मी स्वतः उमेदवारीच्या काळात लग्नातल्या जेवणावळीवरील एका लेखात ‘आचाऱ्यांना’ दिलेली बिदागी ‘आचार्यांना’ देऊन टाकली होती, आणि ती चूक अंक हातात पडल्यावर लेखकाच्या पत्नीने दाखवली. तेव्हा मजकूर बदलून झाला की तो मुळाशी ओळीला ओळ लावून वाचावा. शक्यतो एकाने मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने मुळावर बोट ठेवून ऐकावे. कविता असेल तर हे दोनदा करावे.

मात्र सगळे सत्र एवढ्यावरच जाऊ देऊ नये. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकाला (क्रेडिटला) ३० तास धरलेले आहेत; म्हणजे चार श्रेयांकांच्या इंटर्नशिपला १२० तास होतात. त्या १२० तासांत निदान एका कथेचा प्रवास आरंभापासून शेवटपर्यंत मला पाहू द्यावा, अशी विनंती आपण संपादकांना आजच करावी. टपालात किंवा ईमेलमध्ये कथा आली, तिच्यावरचे नाव झाकून ती दोघांनी वाचली, त्यांची मते जुळली नाहीत, लेखकाला पत्र गेले, पहिले आणि दुसरे मुद्रित (प्रूफ) तपासले गेले, मग सोळा पानांच्या फर्म्यात (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यात) बसवताना दीड पान जास्त झाले आणि काय कापायचे यावर वाद झाला, हे सारे एकदा जवळून पाहिलेल्या विद्यार्थ्याला अंक म्हणजे काय हे कळते. ‘साभार परत’चे पत्र लिहिण्याची संधी मिळाली तर ती सोडू नये. नाकारलेल्या कवितेबद्दल तीन खऱ्या आणि सभ्य ओळी लिहिणे हे माझ्या मते या कामातील सर्वांत अवघड लेखन आहे. छापील नमुन्यावर नाव भरून पाठवणारे संपादक त्यातून सुटका करून घेतात, एवढेच.

रोज काय केले याची एक वही ठेवावी. ‘उत्तम सहकार्य केले’ असे प्रमाणपत्र कोणालाही मिळते. त्याऐवजी किती लेखनाचे मुद्रितशोधन केले, कोणत्या लेखनावर वाचन-अभिप्राय दिला, लेखकांशी पत्रव्यवहार केला का, याचा उल्लेख वहीच्या आधारे करून घ्यावा.

प्रश्न : आमच्या अंकासाठी आलेल्या एका विद्यार्थ्याच्या कथेत मांगर (खोपटे), खाजन, पोरसूं (परसबाग) असे कोंकणी शब्द आहेत. सहसंपादक ते बदलून प्रमाण मराठी करावे म्हणतात. त्याच अंकात १९५० नंतरच्या दशकातील एक कविताही पुनर्मुद्रित होणार आहे; तिच्यातील ‘नाहीं’, ‘कां’ यांवरचे अनुस्वार ठेवायचे की काढायचे?
– एक विद्यार्थी, पेडणे

उत्तर : पहिल्या बाबतीत शब्दांना हात लावू नये. खाजन म्हणजे बांध आणि मानस (पाण्याची ये-जा आवरणारे दार) घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन. तिला ‘दलदल’ म्हटले तर अर्थच बदलतो आणि ‘खारजमीन’ म्हटले तर त्या पात्राच्या तोंडी ते शोभत नाही. गोव्यात मराठी लिहिणाऱ्याच्या घरात कोंकणी बोलली जाते, हा काही त्याच्या भाषेतला दोष नव्हे. एखादा शब्द बाहेरच्या वाचकाला अडेल असे वाटले, तर संदर्भातून तो उलगडेल असे एखादे वाक्य लेखकाकडूनच मागावे आणि तेही निवेदनात, संवादात नव्हे.

दुसऱ्या बाबतीत नियम आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे एकूण अठरा लेखननियम आहेत. त्यांनुसार केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळाबरहुकूम छापायचे, आणि त्या दोघांच्या लेखनासह पुढचे सारे लेखन नव्या नियमांप्रमाणे छापायचे. म्हणजे आपल्या कवितेतील न उच्चारले जाणारे अनुस्वार काढता येतील. वृत्तासाठी कवीने ऱ्हस्व-दीर्घात घेतलेली सूट मात्र तशीच ठेवावी. ‘कवि’चे ‘कवी’ केले की मात्रा वाढते आणि ओळ लंगडते. काय बदलले हे कवितेखाली एका ओळीत सांगावे.

प्रश्न : संपादन-साहाय्य करणाऱ्या विद्यार्थ्याने त्याच अंकात स्वतःची कविता द्यावी का?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : देऊ नये. पुढच्या अंकात आपण त्या कामावर नसाल, तेव्हा इतरांसारखी ती पाठवावी. संपादकांनी आग्रहच केला, तर कवितांच्या निवडीच्या बैठकीला आपण जाऊ नये आणि तसे इतिवृत्तात लिहून घ्यावे.