लाडके सर गेले. त्यांच्या घरच्यांना पत्रात काय लिहू?

तुम्ही लिहिलंय की शाळेत शिकवणारे आणि पुढे शिकवणीही घेणारे तुमचे सर वारले, आणि घरच्यांना पत्र लिहायला बसलं की 'थोर', 'आदर्श', 'मार्गदर्शक' यांच्यापुढे काही सुचत नाही. हे शब्द खोटे नसतात, पण कुठल्याही सरांना लागू पडतात, आणि असे निरोप घरच्यांच्या फोनवर आधीच ढिगाने येऊन पडलेले असतात.

त्यापेक्षा सर शिकवायचे कसे ते लिहा. ते घरच्यांनी फारसं पाहिलेलं नसतं.

माझे सर गणिताचे. वही तपासताना फुली म्हणून मारायचे नाहीत. उदाहरण जिथपर्यंत बरोबर आलंय त्या ओळीखाली रेघ ओढायचे, समासात 'इथपर्यंत ठीक' लिहायचे आणि पेनाला टोपण लावायचे. पुढचं आपलं आपण शोधायचं. रेघ कधी शेवटून दुसऱ्या ओळीखाली असायची, कधी पहिल्याच. पहिल्या ओळीखाली असली तरी वही लपवावीशी वाटायची नाही.

शिकवणीत त्यांची आणखी एक खोड होती. शाब्दिक उदाहरण आकडे गाळून वाचायला लावायचे. एका नळाने टाकी 6 तासांत भरते, दुसऱ्याने 3 तासांत, दोन्ही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? कोणीतरी हमखास सरासरी काढून साडेचार म्हणायचं. सर म्हणायचे, 'आकडे झाक. एक नळ हळू, एक जोरात. जोरातल्याच्या मदतीला दुसरा आला. वेळ वाढेल की कमी होईल?' साडेचार तिथेच बाद, कारण उत्तर 3 च्या आतच हवं. मग मांडणी: तासाला एक षष्ठांश अधिक एक तृतीयांश, म्हणजे अर्धी टाकी, म्हणून 2 तास. हिशेबाचा कुठलाही कागद समोर आला की मी आजही आधी आकड्यांवर हात ठेवतो. लोक विचित्र नजरेने बघतात, बघू देत.

सर गेल्यावर मी त्यांच्या मुलाला एवढंच लिहिलं, आणि जुन्या वहीतल्या एका पानाचा फोटो जोडला. त्याचा फोन आला. 'घरी तर बाबा चूक दिसली की आधी तीच सांगायचे,' तो म्हणाला, 'ही रेघ मला माहीतच नव्हती.' मग आम्ही बराच वेळ बोललो, आणि गणित सोडून भलत्याच विषयांवर.

सरांचे दोषही थोडे येऊ द्यात. आमचे सर वेळ पाळण्यात ढ होते. एका तासाची शिकवणी दोन तास चालायची आणि कोणी घड्याळाकडे पाहिलं की वैतागायचे. हे वाचून घरच्यांना राग येत नाही, उलट हा आपलाच माणूस अशी खूण पटते. अर्थात जुने हिशेब चुकते करायची ही जागा नव्हे, एवढं तारतम्य तुम्हाला असेलच.

उशीर झालाय म्हणून मात्र टाळू नका. ॲन सुलिव्हन 1887 मध्ये दिसत नसलेल्या, ऐकू न येणाऱ्या हेलन केलरला शिकवायला आल्या तेव्हा हेलनला सात वर्षंही पुरी झाली नव्हती. पुढे सुलिव्हन 1936 मध्ये वारल्या तोवर दोघींची साथ टिकली. केलर आपल्या या शिक्षिकेवर पुस्तक लिहीत होत्या, पण 1946 मध्ये घराला आग लागली आणि हस्तलिखित जळून गेलं. त्यांनी ते नव्याने लिहायला घेतलं. पुस्तक 1955 मध्ये आलं. तुमचं पत्र महिन्याभराने गेलं तर काही बिघडत नाही, किंबहुना गर्दी ओसरल्यावर ते नीट वाचलं जातं.

काहीच आठवत नसेल तर बरोबरच्या दोघा-तिघांना फोन करा. 'सर कसे होते' असं विचारू नका, त्याला 'खूप चांगले' हेच उत्तर येतं. 'सर चिडले की काय करायचे', 'खडू कसा धरायचे', 'उत्तर बरोबर आलं की काय म्हणायचे' असं विचारा.

आणि पत्र टाईप केलं तरी चालेल, हाताने लिहिलं तरी चालेल. फक्त माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकू नका, तिथे ते हात जोडलेल्या चिन्हांखाली गडप होईल. घरच्यांना वेगळं पाठवा, आणि खाली तुमची बॅच लिहायला विसरू नका, नाहीतर कोण लिहितंय तेच त्यांना कळायचं नाही.