पहिल्यांदा मत द्यायला निघालीयेस ना?

मतदार यादीतलं नाव, भाग क्रमांक आणि अनुक्रमांक आदल्या दिवशीच बघून कागदावर लिहून ठेव. मतदार चिठ्ठी म्हणजे ओळखपत्र नव्हे. मतदार कार्ड, आधार किंवा निवडणूक आयोगाने मान्य केलेलं दुसरं ओळखपत्र सोबत हवंच.

एका निवडणुकीत मी केंद्रावर पोहोचले तर माझ्या नावापुढे आधीच खूण! कोणीतरी मत देऊन गेलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, परत फिरणार होते. रांगेतल्या एका काकांनी थांबवलं. तेव्हा कळलं की अशा वेळी केंद्राध्यक्षांकडे प्रदत्त मत मागता येतं. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला ४९पी हा नियम त्यासाठीच आहे. ओळख पटली की यंत्राऐवजी मतपत्रिका मिळते. ती वेगळ्या पाकिटात ठेवतात, नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. पण निकाल कोर्टात गेला तर तिला महत्त्व येऊ शकतं. म्हणून तुझ्यावर अशी वेळ आली, तर मुकाट्याने घरी येऊ नकोस.

बटण दाबल्यावर लगेच वळू नकोस. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या काचेत ती चिठ्ठी ७ सेकंद दिसते, चिन्ह नीट बघ. आणि उशीर झाला तरी जा, वेळ संपताना रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं.