पाळी सुटल्यावर : भोंगा ऐकू येत नाही त्यांचं काय?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी चाकणजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एचआरमध्ये आहे. आमचे नवे एमडी एका परिषदेला जाऊन आले आणि त्यांनी दोन घोषणा करून टाकल्या. पहिली, आयटीआय झालेल्या चार कर्णबधिर मुली असेंब्ली लाइनवर घ्यायच्या. दुसरी, प्रत्येक कर्मचाऱ्याने महिन्याचा एक शनिवार जवळच्या जिल्हा परिषद शाळेला द्यायचा. साहेब मनापासून बोलतात असं वाटतं, पण सुपरवायझर हसतात. ‘फोटो निघाला की विसरतील,’ म्हणतात. खरं कोणाचं, हे ओळखायचं कसं?
– एक वाचक, राजगुरुनगर

उत्तर : सुपरवायझरांवर चिडू नका. त्यांनी असे पाच साहेब येताना-जाताना पाहिलेले असतात.

१९८९ साली मी भोसरीतल्या एका कारखान्यात पर्सोनेलला होते. मालकांनी हौसेने एक कर्णबधिर टर्नर घेतला. हात असा, की ड्रॉइंग एकदा बघितलं की जॉब थेट इन्स्पेक्शनला. सगळे खूश. चार महिन्यांनी आगीची मॉक ड्रिल झाली. भोंगा वाजला, सगळी माणसं गेटापाशी जमली, हजेरी घेतली तर एक कमी. आत धावत गेले, तर हा पठ्ठ्या गॉगल लावून लेथवर, अख्ख्या शॉपमध्ये एकटा. मला बघून हसला आणि हातानेच विचारलं, सगळे जेवायला गेले का? त्याला घेताना फॉर्म सगळे भरून घेतले होते मी. भोंग्याचा विचार मात्र केला नव्हता, आणि ते काम माझंच होतं.

म्हणून साहेबांचं मन तपासत बसण्यापेक्षा त्यांच्यापुढे कोटेशन ठेवा. भोंग्याच्या जोडीला लाल फिरते दिवे, तेही लाइनवरच नाही तर स्वच्छतागृहात आणि कपडे बदलायच्या खोलीतही. फोर्कलिफ्टचा मागे येतानाचा हॉर्न या मुलींना ऐकू जाणार नाही; तेव्हा त्याला जमिनीवर प्रकाश टाकणारा दिवा आणि चालायची वाट पिवळ्या पट्ट्यांनी वेगळी. सेफ्टी ट्रेनिंगला खुणांची भाषा जाणणारा दुभाषी. दुसऱ्या पाळीनंतर बस मुलींना कुठे सोडणार, तो थांबा. साहेबांनी ‘मुली येऊ देत, मग बघू’ म्हटलं तर सुपरवायझर बरोबर होते. सही केली तर तुम्ही कामाला लागा.

अकाउंट्सवाले म्हणतील, हा खर्च सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या खात्यात टाकू. चालणार नाही. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ज्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, त्यांना केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेली कामं त्यात धरता येत नाहीत. दिवे कारखान्याच्याच खर्चाने बसायला हवेत. शिवाय २०१६चा दिव्यांग हक्क कायदा खासगी कारखान्यालाही समान संधी धोरण करायला लावतो. ते तुमच्याकडे कागदावर तरी आहे का, बघा. नसेल, तर साहेबांच्या घोषणेच्याही आधी ते राहून गेलेलं काम आहे.

चौघींना चार पाळ्यांत विखरू नका, निदान सुरुवातीला. दिवसभर बोलायला कोणीच नसेल, तर मुलगी महिनाभरात राजीनामा देते आणि सगळे म्हणतात, ‘जमलं नाही तिला.’ सुपरवायझरांना दहा-बारा खुणा आधी शिकवा : थांब, गरम, करंट, रिजेक्ट, जेवण, सुट्टी. आणि त्यांना सर्वात आधी ओळखायला शिकवा ती खूण ‘समजलं नाही’ची. साहेबासमोर मान डोलवायची सवय या मुलांना शाळेपासून असते. मान डोलली म्हणजे कळलं, असं धरून चालू नका. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा खुणांचा कोश आहे, आणि मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथून सुरुवात करा.

आता शनिवार. इथे माझं मत थोडं कडू आहे. सक्तीचा शनिवार म्हणजे पोरांना बिस्किटचे पुडे आणि गुरुजींना ताप. पुण्यात थरमॅक्स या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीच्या अनु आगांचं उदाहरण मला आवडतं, ते त्यांना पद्मश्री मिळाली म्हणून नव्हे. त्या मुळात समाजकार्य शिकलेल्या, कंपनीत मनुष्यबळ विभागात काम केलेल्या. १९९६ मध्ये पती गेले आणि अध्यक्षपद अंगावर आलं. पुढच्याच वर्षी मुलगा गेला. कंपनीची गाडी रुळावर आणून २००४ मध्ये खुर्ची मुलीकडे सोपवली आणि शिक्षणाच्या कामात उतरल्या. थरमॅक्सच्या फाउंडेशनने आकांक्षा संस्थेबरोबर महापालिकेच्या शाळा चालवायला घेतल्या. शाळा चालवायची म्हणजे रोज सकाळी वर्गात शिक्षक उभा असणं, वर्षानुवर्षं. एका शनिवारच्या हौसेचं हे काम नाही.

तुमच्या साहेबांना एवढं नकोच. मुख्याध्यापकांना विचारा, त्यांना काय हवंय. बहुतेक वेळा उत्तर रंगरंगोटी नसतं. शाळेचं वीजबिल, नाहीतर मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी असतं. तुमच्याकडे फिटर आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत. पाण्याची मोटार दुरुस्त करायला दोनच माणसं गेली तरी चालतील, आणि त्यांना पगारी वेळ द्या. बाकीच्यांना घरी झोपू द्या.

प्रश्न : आमच्या कंपनीत दर जुलैला मोठे साहेब वृक्षारोपण करतात. गेली तीन वर्षं त्याच खड्ड्यांत रोपं लावतोय. हे बोलून दाखवावं का?
– एक कामगार, सातारा

उत्तर : जुलैत नको. एप्रिलमध्ये बोला आणि पाण्याच्या टँकरचं बिल मागा. बिल नसेल, तर खड्ड्यांचा फोटो काढून ठेवा. पुढच्या जुलैत साहेबांच्या हातात रोप देण्याआधी तो द्या. मात्र त्या वेळी एकटे जाऊ नका, युनियनचे दोघं बरोबर घ्या.