१४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर आहे, गेममध्ये फ्रेमही (कार्डाने तयार केलेली चित्रं) भरपूर मिळतात, तरी माऊस जड का वाटतो?

सगळ्यात आधी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये खरंच १४४ निवडलंय का ते बघा. नवा मॉनिटर कित्येकदा गुपचूप ६० वरच चालत असतो!

ते ठीक असेल तर दोष बहुधा रांगेचा. ग्राफिक्स कार्ड ९९ टक्क्यांवर गेलं की प्रोसेसरने पुढे तयार करून ठेवलेल्या फ्रेम कार्डाच्या दारात ताटकळतात, आणि तुमची क्लिकही त्यांच्यासोबत थांबते. गेममध्ये एनव्हिडिया रिफ्लेक्स असेल तर चालू करा, ते ही रांगच मोडतं. नसेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधला लो लेटन्सी (कमी उशीर) मोड 'अल्ट्रा'वर ठेवा. एएमडीचं कार्ड असलेल्यांसाठी याच कामाचं अँटी-लॅग आहे.

जी-सिंक किंवा फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग गेमच्या फ्रेमशी जुळवणारी सोय) वापरत असाल तर फ्रेमची मर्यादा सेकंदाला १३८ च्या आसपास बांधा. १४४ च्या वर गेलात की सिंकचा ताबा सुटतो. मग एकतर चित्र फाटतं, नाहीतर व्ही-सिंक (फ्रेमला मॉनिटरच्या ठोक्यासाठी थांबवणारी सेटिंग) उशीर वाढवतो.

तरीही कार्ड ९९ वरच अडकलं तर गेमच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये सावल्यांचा दर्जा उतरवा. टेक्श्चरला (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांना) हात लावू नका, कार्डाची मेमरी पुरत असेल तर त्याने फारसं काही हाती लागत नाही. फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मधे कृत्रिम फ्रेम घुसवणारी सोय) मात्र बंदच ठेवा: आकडा फुगतो, पण हाताला उशीरच जाणवतो.