कंबर धरून आलेला पेशंट

प्रिय डॉक्टर,

कंबर धरून येणाऱ्या प्रत्येकाचा एमआरआय सरळ का काढू नये, असं विचारलंस. कारण तो नको तितकं दाखवतो. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या लोकांचे एमआरआय काढले, तरी साधारण ३० टक्क्यांत चकती, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, फुगलेली दिसते. ऐंशीच्या घरात ८४ टक्क्यांत. मग दुखणं त्या चकतीचंच कशावरून? शिवाय 'गादी सरकली' हे एकदा कानावर पडलं, की माणूस वाकायलाच घाबरतो. तो धाक काढणं दुखणं काढण्यापेक्षा अवघड.

नव्यानं सुरू झालेल्या कंबरदुखीत दहातल्या आठ-नऊ जणांत दुखणं नेमकं स्नायूचं, सांध्याचं की चकतीचं, हे सांगता येत नाही. ते सांगण्याचा आटापिटा करू नकोस. जे थोडे धोक्याचे असतात ते सुटू नयेत, एवढं बघ.

त्यांत सगळ्यात घाईचा म्हणजे कॉडा इक्वायना: कण्याच्या तळाशी असलेला नसांचा जुडगा दबतो आणि लघवी-संडासावरचा ताबा जाऊ शकतो. इथे प्रश्न विचारण्यात बहुतेक जण कच्चे पडतात. 'लघवी-संडास ठीक आहे ना?' असं विचारलंस तर 'हो' असंच उत्तर येणार. त्यापेक्षा विचार: लघवीची भावना नेहमीसारखी होते का? सुरू व्हायला वेळ लागतो का, तुंबल्यासारखं वाटतं का? शौचानंतर धुताना तिथला स्पर्श कळतो का? लाज वाटते, पण ती तुलाच मोडायची आहे. उत्तरात जरा शंका आली तर गुदद्वाराभोवतीची संवेदना तपास, लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरली ते बघ, आणि एमआरआय त्याच दिवशी. इथे उद्यावर ढकलायचं नाही.

बाकीच्या धोक्याच्या खुणांची यादी तुला पाठ आहेच, पण ती घोकून टिकमार्क करू नकोस. वय पन्नासच्या पुढे, एवढ्यावरून कुणाला एक्स-रेला धाडलंस तर रांग संपायची नाही. खुणा एकमेकींना जोडून वाच. वय जास्त, बरीच वर्षं स्टेरॉइड, आणि किरकोळ पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, म्हणजे मणक्याचं फ्रॅक्चर समज. एकटी असूनही वजनदार अशी खूण म्हणजे पूर्वी झालेला कॅन्सर. आणि ताप नाही म्हणून मणक्यातला संसर्ग नाही, असं धरू नकोस. तंबाखू ओढणारा वयस्क पुरुष अचानक कंबर दुखते म्हणाला तर पोटावर हात ठेवायला विसरू नकोस. महाधमनी फुगलेली असू शकते.

आता पाय. पेशंटला उताणं झोपव, गुडघा सरळ ठेवून टाच धरून पाय सावकाश उचल. ३० ते ७० अंशांमध्ये कळ गुडघ्याखाली गेली तर ती नस दबल्याची खूण धरायची. मांडीमागे नुसता ताण बसला तर तो बहुधा आखडलेल्या स्नायूंचा. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली, तर नस दबल्याचा पुरावा बराच पक्का. मग पायाचा अंगठा वर उचलायला सांग आणि तू खाली दाब. तो सहज दबला तर दबलेली नस एल-५ची, म्हणजे कमरेच्या पाचव्या मणक्याची. टाचेमागचा झटका (हातोडीनं ठोकल्यावर पाऊल आपोआप हलतं तो) मंदावला, चवड्यावर उभं राहता येत नाही, तर एस-१, म्हणजे त्याखालच्या त्रिकास्थीतली पहिली नस. गुडघ्याच्या झटक्यात बिघाड असेल तर एल-४ बघ. सगळं मिळून पाच मिनिटं लागतात. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हे होत नाही; नीट कपडे काढायला सांग.

यात काहीच सापडलं नाही, तर पहिले सहा आठवडे एक्स-रे, एमआरआय काहीच नको. सायटिका असली तरी ताकद शाबूत असेल तर थांबता येतं. ताकद कमी होत चालली तर मात्र नाही. पेशंटला स्पष्ट सांग की बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत बरंच उतरतं, अंथरूण धरू नका, जमेल तेवढं हिंडाफिरा. कामावर जायची किंवा हलायचीच त्याला धास्ती वाटते का, तेही विचार. दुखणं लांबणार का, याचा अंदाज त्यावरून येतो.

आणि केसपेपरवर नुसतं 'एलबीपी' (लो बॅक पेन, म्हणजे कंबरदुखी) लिहू नकोस. अंगठ्याची ताकद दोन्ही बाजूंना किती, बसण्याच्या जागेची संवेदना कशी, लघवीबद्दल काय विचारलं, हे लिही. दोन दिवसांनी रात्रपाळीत त्याला दुसरंच कुणी तपासेल. तेव्हा बिघाड नवा की जुना, ते त्या डॉक्टरला तुझ्या त्या दोन ओळींवरूनच ठरवावं लागेल.