बहीण हक्क सोडायला तयार आहे, मग पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली तर चालेल का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं, की वडील मागच्या वर्षी वारले, तासगाव तालुक्यात वडिलोपार्जित दोन एकर आहे आणि त्यात द्राक्षबाग, तुम्ही दोघं भाऊ, आई आणि मिरजेला दिलेली बहीण अशी चौघांची नावं वारस म्हणून सातबाऱ्यावर लागलीत, आता छाटणीच्या तोंडावर कर्ज काढायला गेलात तर बँक बहिणीची पण सही मागतेय, म्हणून तिच्याकडनं स्टॅम्पवर लिहून घेऊन नोटरी करायचा विचार आहे.

नाही चालणार. मी सांगली जिल्ह्यातच दस्त लिहायचं काम करतो आणि हाच प्रश्न घेऊन लोक सारखे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जमिनीतला हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं रजिस्टरच करावं लागतं, १९०८ च्या नोंदणी कायद्यात कलम १७ आहे त्यासाठी. नोटरीचा शिक्का म्हणजे सही करणारा माणूस समोर होता एवढंच, त्यानं जमिनीतला हक्क इकडचा तिकडं होत नाही. तलाठ्यापुढं दिलेल्या जबाबाचं पण तसंच. गावात अजून पुष्कळ जण म्हणतात की आमच्या आत्यानं तलाठ्याकडं जबाब दिला होता, मिटलं. काही मिटलेलं नसतं. फेरफार ही महसुलाची नोंद आहे, मालकीचा शेवटचा शब्द नाही, आणि उद्या आत्याची पोरं कोर्टात गेली की ते सगळं परत उघडतं.

आणि खर्चासाठी म्हणून नोटरीकडं जात असाल तर त्याची गरजच नाही. वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क बहिणीनं मोबदला न घेता भावांच्या नावानं सोडला तर मुद्रांक शुल्क फक्त ५०० रुपये आहे (२०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत २०० होतं). म्हणजे तुम्ही नोटरीसाठी जो पाचशेचा स्टॅम्प घेणार तेवढ्याच मुद्रांकात पक्का दस्त होतो, वर नोंदणी फी आणि लिहिणावळ एवढंच. पण दस्तात मोबदला नाही लिहायचं आणि मागनं रोख द्यायची असलं करू नका. पैसे द्यायचे असतील तर ते दस्तात येऊ द्या, मग शुल्क बाजारभावावर बसेल, बसू दे.

दस्त लिहिताना हक्क कोणाच्या लाभात सोडला ते स्पष्ट पाहिजे, तुम्ही दोघं भाऊ असाल तर दोघांची नावं. एकट्या थोरल्याचं नाव घालून आणलेले दस्त मी बघितलेत, धाकट्याला ते दोन-चार वर्षांनी कळतं आणि मग बहीण राहिली बाजूला, भावाभावात लागते. आईचा हिस्सा वेगळा आहे, बहिणीनं सही केली म्हणून आईचं नाव निघत नाही आणि ते काढायची घाईही करू नका, म्हातारपणी तिचा आधार तोच आहे.

आता जे मला खरं बोलायचंय ते. बहीण तयार आहे असं तुम्ही लिहिलंय, तिला स्वतःला विचारलंय का, की दाजींना विचारलंय, की आईनं सांगितलं ती नाही म्हणणार नाही? आपल्याकडं साडीचोळी करायची आणि सही घ्यायची अशी रीत पडलीय, बहिणीला वाटतं नाही म्हटलं तर माहेर तुटेल. दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात फोटो आणि अंगठा घेतात ना, तिथं हे दिसतं. एक बाई आलेल्या, भांगलण करून करून बोटांच्या रेषा पुसल्यासारख्या झालेल्या, मशीन अंगठा घेईना, त्या पदराला पुसून परत परत ठेवत होत्या. तोवर मी सहज विचारलं, ताई दस्त वाचून दाखवला का कोणी, तर म्हणाल्या कर्जाला सही पाहिजे म्हणून आणलंय. मी भावाला बाहेर घेऊन गेलो आणि त्या दिवशी दस्त होऊ दिला नाही.

कायद्यानं तिचा हक्क तुमच्याइतकाच आहे. लग्न १९९४ च्या आधी झालं असलं तर मुलीला हक्क नाही असं अजून पारावर ऐकायला मिळतं, तो आपल्या राज्याचा जुना नियम होता, २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं तो अडसर गेला आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की मुलीला हा हक्क जन्मानंच मिळतो. फसवून सही घेतली असेल तर ते कळल्यापासनं तीन वर्षांच्या आत ती दस्त रद्द करायला दावा लावू शकते, आणि तोवर तुमची बाग, कर्ज, सगळं टांगणीला.

म्हणून माझं म्हणणं, आधी बँकेत जाऊन नीट विचारा की नाव काढायलाच पाहिजे का, की बहिणीच्या संमतीपत्रावर भागतंय. बऱ्याच ठिकाणी सहहिस्सेदाराच्या संमतीवर काम होतं आणि हक्कसोडीचा विषयच येत नाही. तिला हिस्सा पाहिजे असेल तर सगळ्यांच्या संमतीनं तहसीलदारांकडं जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली वाटप होतं, तिचा तुकडा तिच्या नावावर करा आणि कसायला तुम्हीच घ्या, फक्त बागायतीत १० गुंठ्याच्या खाली तुकडा पडत नाही ना ते बघा. आणि एवढं सगळं सांगूनसुद्धा ती स्वतःच्या तोंडानं म्हणाली की मला नको, तर खुशाल दस्त करा, पण आदल्या दिवशी कच्चा दस्त तिच्या घरी पाठवा, तिच्या पोरांना वाचू द्या.

जाताना चालू सातबारा, आठ-अ, वारसाचा फेरफार, सगळ्यांची आधार-पॅन, फोटो आणि ओळख द्यायला दोन माणसं न्या. दस्त झाला की इंडेक्स दोनची (म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या उताऱ्याची) प्रत घेऊन फेरफार पडला का बघा, मंडळ अधिकाऱ्यानं तो मंजूर केल्याशिवाय बँकेत परत जाऊन उपयोग नाही. सातबाऱ्यावर सोसायटीचा जुना बोजा वडिलांच्या नावानं तसाच असेल तर त्याचं काय करायचं ते बँकेला याच फेरीत विचारून घ्या.