छातीत दुखते म्हणजे नेमके कुठे?

प्रिय मुलीस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या रविवारी घणसोलीला तुमच्याकडे आले होते, तेव्हा स्वयंपाकघरात मला गाठून तू हळूच "मावशी, छातीत दुखतं" एवढेच म्हणालीस आणि तेवढ्यात बाहेरून कोणीतरी पाणी मागितले. ते अर्धे राहिलेले बोलणे माझ्या मनातून गेले नाही, म्हणून हे पत्र.

आधी शब्दाविषयी. 'स्तन' म्हणायला आपल्याला संकोच वाटतो, म्हणून आपण 'छाती' म्हणतो. परिचारिका म्हणून काम करताना मी पाहिले आहे की, केसपेपरवर 'छातीत दुखणे' एवढेच लिहिले गेल्यामुळे कितीतरी बायका आधी ईसीजीच्या खोलीत जात, तिथे सगळे ठीक असल्याचे ऐकत आणि मूळ दुखणे तसेच घेऊन घरी परतत. तेव्हा डॉक्टरांसमोर "उजव्या स्तनात, काखेकडच्या बाजूला" असे स्पष्ट सांग. मात्र छातीच्या मध्यभागी दाब, घाम, धाप, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असे काही झाले, तर ते हृदयाचे असू शकते. तेव्हा विचार करत न बसता 108 ला फोन करायचा.

तुझ्या वयात स्तन दुखण्याचे सर्वांत नेहमीचे कारण पाळीशी जोडलेले असते. पाळीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत संप्रेरकांच्या चढउतारामुळे दोन्ही स्तन जड होतात, ठणकतात, कधी दुखणे काखेपर्यंत जाते आणि पाळी सुरू झाली की ओसरते. हे ओळखण्याचे उत्तम साधन, म्हणजे कॅलेंडर, तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरच टांगलेले आहे. ज्या चौकटींत तुझी आई दुधाचे लिटर आणि सिलिंडरची तारीख लिहिते, त्याच चौकटींत पेन्सिलीने दुखण्याचा आकडा लिही, शून्य ते दहा. पाळीच्या दिवसाभोवती गोल कर. दोन-तीन महिन्यांची पाने डॉक्टरांपुढे ठेवलीस, तर निम्मे निदान तिथेच होईल. गर्भनिरोधक गोळ्या किंवा संप्रेरकांची इतर औषधे चालू असतील तर तेही सांग, आणि पाळी चुकली असेल तर गर्भधारणेची तपासणी आधी कर.

पाळीशी संबंध न लागणारे दुखणे पुष्कळदा स्तनाचे नसतेच. ऐरोलीला जाताना लोकलच्या गर्दीत वरची कडी धरून लोंबकळणारा हात आणि एकाच खांद्यावरची लॅपटॉपची बॅग यांनी छातीचा स्नायू धरतो. बरगडी जिथे छातीच्या हाडाला मिळते तिथे बोटाने दाबल्यावर नेमकी तीच कळ उठली, तर दुखणे बहुधा बरगडीच्या कूर्चेचे. माझी स्वतःची फजिती सांगते. माझ्या डाव्या स्तनाखाली तीन दिवस आग होत होती; एवढी वर्षे रुग्णालयात काढूनही मी मनात नको ते सगळे आणले, आणि चौथ्या दिवशी पाठीपासून पुढेपर्यंत पट्ट्यासारखे पाणीदार फोड उठले. ती नागीण होती. पुरळ दिसताच पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू केले तर त्याचा गुण चांगला येतो, एवढे लक्षात ठेव.

आता ज्याची तुला खरी भीती आहे ते. दुसरे काहीही लक्षण नसताना नुसते दुखणे हे कर्करोगाचे लक्षण क्वचितच असते. उलट कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही, आणि 'दुखत नाही ना, मग राहू दे' म्हणून ती अंगावर काढणाऱ्या बायका मी फार पाहिल्या. त्याचा मला आजही राग येतो. म्हणून स्तनात किंवा काखेत नवी गाठ, त्वचेला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे, त्यातून आपोआप रक्त येणे, यांतले काहीही दिसले तर दुखो वा न दुखो, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. एकाच जागी ठाण मांडून बसलेले आणि पाळी येऊन गेल्यावरही न हटणारे दुखणेही दाखवायलाच हवे. तुझी वहिनी बाळाला पाजते आहे. स्तन लाल, गरम होऊन थंडी-ताप आला, तर तिने त्याच दिवशी जावे, आणि डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर पाजणे थांबवू नये.

स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा जनरल सर्जन, कोणीही चालेल. तपासताना सोबत स्त्री कर्मचारी हवी, असे निःसंकोच सांग. गाठ लागली तर तरुण वयात स्तन घट्ट असल्याने मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, ती स्पष्ट दिसत नाही, म्हणून आधी सोनोग्राफी करतात. गरज पडली तर सुईने तुकडा घेऊन तपासतात. तुझ्या वयात सापडणारी हाताखाली गोटीसारखी सरकणारी गाठ बहुधा साधी, कर्करोगाची नसलेली, फायब्रोअ‍ॅडिनोमाची निघते, पण ते तपासणीने ठरू दे, बोटांनी नव्हे. पुढे कधी मोठ्या ठिकाणचे मत हवे झाले, तर टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाचे केंद्र आपल्या खारघरलाच आहे. परळ गाठण्याची गरज नाही.

पाळीआधीचे दुखणे असेल तर नीट मापाची, आधार देणारी ब्रा, गरजेपुरती पॅरासिटामॉल किंवा डॉक्टरांना विचारून वरून लावायचे डायक्लोफेनॅकचे जेल, एवढ्याने बहुतेकींचे भागते. ईव्हनिंग प्रिमरोज तेलाच्या महागड्या कॅप्सूल मैत्रिणी सुचवतील; चाचण्यांत त्यांचा खात्रीलायक उपयोग दिसलेला नाही, तेव्हा ते पैसे ब्रावर खर्च कर.

येत्या पाळीपासून पेन्सिल हातात घे. डॉक्टरांकडे एकटीने जायचे नसेल तर शनिवारी सकाळी मला मोकळीक असते, कोपरखैरणे स्थानकाच्या तिकीट खिडकीपाशी भेटू. येताना कॅलेंडरची पाने विसरू नकोस.

तुझी,
मावशी